बटाट्याच्या साली

माझी साक्ष कुणी घेतली नाही.
लेफ्टनंट उर्सिचची घेतली, तीन दिवस.
रडारवरच्या ओयार्सूनची घेतली.
कप्तानाची तर दार लावून घेतली.
मी भटारखान्यातला पोरगा, एकोणीस वर्षांचा,
चिलोए बेटावरचा निबाल्दो,
त्या पहाटे गस्तीजहाजाच्या पिछाडीला उभा होतो
सालींची बादली घेऊन.

पेनासचं आखात. पेनास म्हणजे दुःखं.
ज्यानं हे नाव ठेवलं
तो कठड्याला धरून ओकत असणार.
पण त्या दिवशी पाणी गोठल्या चरबीसारखं,
हलायचं नाव नाही.
ऑगस्ट, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा.
मी बादली उपडी केली
आणि सालींच्या खाली, खोल, उजेड आला.

दिवा लागतो तसा नाही.
भट्टीचं दार किलकिलं करावं
आणि आत पाव फुगत असावा, तसा.
साली त्या उजेडावर तरंगत होत्या
आणि त्यांच्या सावल्या खाली नाही, वर पडत होत्या,
माझ्या एप्रनवर,
एकेक साल, वेटोळं मोजता येईल अशी.

मग ते वर आलं.
पाणी फाटलं नाही. थेंब गळला नाही.
समुद्रातून आलं आणि कोरडं होतं.
आकार विचाराल तर सांगता येत नाही.
पुढे एका वर्तमानपत्रानं थाळी काढली होती.
थाळ्या मी दिवसाला दोनशे धुवायचो.
थाळी असती तर ओळखली असती.

उर्सिचचं हेलिकॉप्टर समोर आलं.
पाती फिरताना दिसत होती, आवाज नव्हता,
जणू कुणी त्याला कापसात गुंडाळलं होतं.
वासरू नव्या माणसाला हुंगतं
तसं त्यानं हेलिकॉप्टरला हुंगलं,
डावीकडून, मग पोटाखालून,
आणि गेलं.
'गेलं' म्हणायला जेवढा वेळ लागतो
तेवढाही त्याला लागला नाही.

ताल्काउआनोच्या बंदरात तिघं चढले,
ओले ओव्हरकोट, कोरडे बूट.
ओयार्सूनला म्हणाले, तो पक्ष्यांचा थवा.
उर्सिच दोन दिवस नाही म्हणाला,
तिसऱ्या दिवशी त्यानं ढगावर सही केली.
जेवण मीच नेत होतो. बटाटे, मासे, कांदा.
त्या तिघांनी मलाही एक प्रश्न विचारला,
नाही म्हणत नाही:
मीठ आहे का?

ओयार्सून पुन्हा पडद्यासमोर बसला नाही.
पुएर्तो मोंतला टीव्ही दुरुस्त करायचा,
म्हणजे जन्मभर टीव्हीची पाठच बघायचा.
उर्सिचला हवामानखात्यात टाकलं.
रोज दुपारी एक फुगा सोडायचा
आणि तो ठिपका होऊन विरेपर्यंत
मान वर करून उभा राहायचा.
वीस मिनिटं लागायची. भेटलो तेव्हा म्हणाला,
हे बरं आहे, निबाल्दो, हळूहळू जातं.
एवढंच. त्या दिवसाबद्दल
आम्ही दोघं एवढंच बोललो.

आता मी पासष्टीचा. गुडघे गेले, वाफे आहेत.
नात विचारते, भीती वाटली का?
नाही गं.
लाज वाटली.
रडारसाठी नाही, लेफ्टनंटसाठी नाही,
आखाताच्या दुःखांसाठी तर नाहीच नाही.
मला वाटतं ते वर आलं
डोक्यावर कचरा कुणी टाकला ते बघायला.
हे कुठल्याच अहवालात नाही,
कारण बादली माझ्या हातात होती.

आणि अजून एक. थेंब चिकटला नव्हता,
पण एक साल चिकटली होती.
जाताना ती त्याच्याबरोबर गेली.
घाईत सोललेली, जाड, जांभळ्या बटाट्याची,
खानसामा ओरडला असता अशी.
तिला एक डोळा होता, मला नीट आठवतं.
आमचा बटाटा तसा हट्टी,
डोळा शाबूत असला की
माती कुणाची ते विचारत नाही.