सातवा नंबर

दत्ताजीच्या टायर दुकानाची माडी,
आठ वह्या, आठ पेनं, भडंगाचा एक पुडा.
हंगामाला अजून नऊ दिवस.
चिठ्ठीत माझा नंबर सातवा आला.
आठवा वसंता सुतार. त्याला लागोपाठ दोन नावं,
मग उलटं फिरून परत मी.

म्हणजे माझ्या दोन हाकांच्या मध्ये
अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस,
आणि तो पेनाचं टोपण चावत बसलेला.

कागदावरचा संघ हा.
खरी पोरं स्टेडियमवर खेळणार, घाम त्यांचा,
आकडे आमचे.
गोलला पाच, गोलच्या पासला तीन,
एकही न खाणाऱ्या गोलकीपरला चार.
पळण्याला शून्य.
नियम आम्हीच लिहिले, रात्री साडेअकराला,
आणि कुणालाच सुचलं नाही
की उजव्या कडेनं एखादं पोरगं सुटलं
आणि दोन बॅक नुसते वळून बघत राहिले
तर ते कुठल्या रकान्यात मांडायचं.

आदम शिकलगार. कोंडेकर तालीम. वय वीस.
गेल्या साली मी त्याला तिसऱ्यालाच घेतला होता.
दुसऱ्या मॅचला मांडीची शीर धरली,
मग एप्रिलपर्यंत बर्फाची पिशवी आणि बाकडं.
वसंतानं माझ्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं,
धाव एक, गुण शून्य, डॉक्टर दोन.

शहाण्यानं सहदेव पोवार घ्यावा.
गोलकीपर, छत्तिशीचा, पोट सुटलेला,
पण दरसाल पन्नास गुण, पगारासारखे, सातच्या आत.
आदमला दहाव्याला उचलावा.
तोवर राहिला तर.

"बोल की मर्दा, पंचांग बघतोयस का?"

अठरा वर्षं केएमटीत घंटी मारतोय.
मागच्या काचेतून पळत येणारी माणसं
माझ्याइतकी कुणी बघितली नसतील.
कोण पोचणार, कोण नुसतंच हात हलवणार,
पहिल्या चार पावलांत कळतं.
तरी एकदा बिंदू चौकात चुकलो.
डबा घेतलेली बाई, वेळ चार मिनिटं मागं, मी दोन टोले दिले.
तिनं पळणं थांबवलं ते अजून नीट दिसतं.
आधी हात खाली आला. मग पाय.

मी वाकून वसंताच्या वहीत बघायला गेलो,
त्यानं तळहात ठेवला वर.
रंध्यानं घासलेला, रुंद, काही कळू न देणारा.

"आदम शिकलगार," मी म्हणालो.

दत्ताजी हसताना भडंगातली मिरची
त्याच्या नाकात गेली. पाणी आणा, पाणी आणा.
त्या गडबडीत वसंतानं शांतपणे हात उचलला.
दोन नावं. सहदेव पोवार,
आणि खाली कुणीतरी डावा बॅक.
"त्या पोराला मी शेवटच्या फेरीपर्यंत
हात लावला नसता," तो म्हणाला,
आणि वाईट हे, की दयेनं म्हणाला.

म्हणजे तीन जागा आधी.
म्हणजे दोघंही मिळाले असते, थोडा दम धरला असता तर.
नाही, सहदेव नसता मिळाला. की उलटं?
घरी जाताना दुचाकीवर हा हिशेब
तीनदा केला, तीनदा वेगळा आला.

परवा सकाळी रंकाळा स्टँडवर
गाडी सुटायच्या वेळेला तो दिसला.
नाडीनं बांधलेले बूट खांद्यावर,
हातात अर्धं केळ,
शहरातलं सगळ्यात वेगवान पोरगं
रस्ता ओलांडत होतं म्हशीच्या चालीनं.
ड्रायव्हर पुढून ओरडला, "मार की घंटी!"
मी दोरी धरून उभा राहिलो.

चढला. दहाची नोट दिली.
"दसरा चौक, एक."
तो माझा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही,
मीही सांगितलं नाही.
तिकीट फाडलं, आणि त्याच्या मांडीकडे बघून घेतलं.
पट्टी नव्हती.
मग मारली.