न्यू फोल्डर (२३)

नागोजी सरांनी दुकान माझ्या हवाली केलं तेव्हा
डेस्कटॉपवर जमीन दिसत नव्हती.
न्यू फोल्डर, न्यू फोल्डर (२), न्यू फोल्डर (२३),
पत्रिका फायनल, पत्रिका फायनल खरी,
पत्रिका फायनल खरी मामांनी बघितलेली.
मला सगळं सापडतंय की, सर म्हणायचे.
सापडायचं. हात माऊसवर, नजर तहसील कचेरीच्या गेटवर,
तिसऱ्या टिचकीला माणसाची पहाणी पडद्यावर.
मग त्यांचा मोतीबिंदू वाढला
आणि तो नकाशा त्यांच्याबरोबर घरी गेला.

पहिला महिना मी नुसती नावं लावत बसले.
नावाने लावलं की इंग्रजी वर, मधे मराठी, तळाला कन्नड.
कुणी ठरवलं, ते मशीनला विचारून काय उपयोग.
एकाच शहराचे तीन फोल्डर: बेलगाम, बेळगाव, बेळगावी.
एकाच गिऱ्हाइकाचे अर्ज तिन्हीत वाटलेले,
आणि चौथा, रिकामा, नाव फक्त ‘बे’.
लाइट गेली असणार.

दोन खिडक्या शेजारी शेजारी मांडायला शिकले.
कंट्रोल धरून ओढलं तर मूळ फाइल जागेवर राहते,
न धरता ओढलं तर उठून जाते,
आमची आत्या चंदगडला गेली तशी.
चोवीस फोटो एकदम निवडून एफ-टू दाबलं
तर सगळ्यांना एकच नाव पडतं, मागे कंसात आकडा.
वरात (१), वरात (२), वरात (३).
वरातीत तसंही कोण कुणाला ओळखतं.

मल्लव्वा बिडीहून पहिल्या बसने आल्या.
वर्षश्राद्धाच्या पत्रिकेला फोटो पाहिजे होता,
इथंच काढलेला, सरांनी, निळ्या पडद्यासमोर.
घरातल्याला वाळवी लागली.
नाव काय, मावशी?
त्यांनी पदर तोंडाला लावला.
शोधायच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला.
बरं, आडनाव?
हुक्केरी.
एक क, दोन क, सगळे मिळून एकशे बारा हुक्केरी.
उंच होते, त्या म्हणाल्या.
मी कॉलमची लांब यादी उघडली.
उंचीचा कॉलम निघाला सुद्धा, पण पिक्सेलमधला.

मग विचारलं, काढला कधी?
हे त्यांना येत होतं.
म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी,
नागपंचमीच्या आधीचा बाजार,
रेशन कार्डाला अंगठे घेत होते त्या साली,
पुलावर बस बंद पडली होती, दोघं चालत आलो.
मी नावं सोडली. तारखेने लावलं.
महिन्यांचे ढीग पडले. चित्रं मोठी केली:
चेहरे, चेहरे, निळा पडदा,
एक डोळे मिटलेला,
एक तान्हं पोर आणि त्याला मागून धरणारे बिनमाणसाचे हात,
चेहरे,
थांब, थांब की गं!
इवरे, त्या म्हणाल्या. हेच.

फाइलचं नाव अनटायटल्ड-७.
खरंच उंच. पटका चौकटीत मावला नव्हता.
एफ-टू दाबलं, नावावर निळी पट्टी उमटली.
काय लिहू?
त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या.
मी लिहिलं: मल्लव्वांचे हे.

संध्याकाळी सर आले, नवा चष्मा लावून.
पडद्याजवळ नाक नेलं, बराच वेळ.
म्हणाले, मोकळं मोकळं वाटतंय.
मग: तो तेवीस नंबर कुठं आहे?
आवरला, मी म्हटलं. काय होतं त्यात?
सर स्टुलावर बसले, चष्मा पुसला,
काही नाही, आता कशाला, म्हणाले,
आणि जाताना चप्पल उलटी घालून गेले.

शटर अर्धं ओढून मी परत आत आले.
रिसायकल बिन उघडली,
तारखेने लावली.