सेकंड मालाचा टॉवेल

रात्रपाळी सुटते तरी
कानात माग चालूच असतात.
विडी घरकुलात नळाला पाणी आलं
हे मला बायकांची पळापळ बघून कळतं.

पद्मजा कट्टे पिशवीत भरते, कारखान्यात माल द्यायला निघते.
त्याआधी हात धुते. वास घेते. पुन्हा धुते.
मगच सहस्राला उचलून माझ्या मांडीवर ठेवते.
सात महिने, साडेसहा किलो.

अंगणवाडीच्या म्हेत्रे बाई म्हणाल्या होत्या,
"बोलत जा हो तिच्याशी."
काय बोलू?
वीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस
ओरडतो, नाहीतर गप्प असतो.
पहिल्या दिवशी नुसतं "तल्ली" म्हणालो
तर ती दचकून रडली.

मग मी शेडमधली भाषा काढली.
तिथं आवाज कुणाला पुरतो!
भुवया वर : धागा तुटला.
गाल फुगवले : मुकादम आला.
मूठ ओठांशी : चहा.

सहस्रा बघत राहिली,
माल तपासणाऱ्या माणसासारखी, कडक,
कुठं गाठ आहे का, कुठं विरळ आहे का.
आणि मग
तिच्या भुवया वर गेल्या.

"तुटला?" मी हळूच विचारलं.
इतक्या हळू मी लग्नातही बोललो नव्हतो.

आता रोज सेकंड मालाचा टॉवेल असतो,
एका कडेला वीण चुकलेला,
त्याच्या आड मी जातो. बुवा कुठंय? कुक!
तिला ठाऊक असतं मी तिथंच आहे,
तरी दर वेळी नव्यानं हसते.
रिकामा कोन ती फेकते, मी आणतो,
फेकते, आणतो.
अठराव्यांदा वाटतं झोप यावी.
एकोणिसाव्यांदा ती फेकायचं थांबते
आणि कोन माझ्या हातात देते.

पद्मजा सांगते, ती बा-बा-बा करते.
मला ते नीट ऐकू येत नाही.
म्हणून तळवा तिच्या छातीवर ठेवतो.
माग बरा चालतोय का, हे आम्ही
असंच बघतो.
चालतोय.

बारा वाजता उन्हातून पद्मजा आली,
आधी मोरीत गेली, साबण घेतला.
सहस्रानं मूठ ओठांशी नेली.
"भूक लागलीय तिला," पद्मजा म्हणाली.

मी म्हटलं, छे,
चहा सांगतेय.