आवाज करून दाखवा

हसुरामचं गॅरेज घणसोलीच्या कडेला,
हाय टेन्शनच्या तारांखाली, जिथे घर बांधायला बंदी आहे.
तीन गाड्या, ऑइलचं एक पिंप, मोगऱ्याची कुंडी.
मोगरा कुणाचा, कधी विचारलं नाही.

"पारसिकचा चढ लागला की काटा लालवर जातो," मी म्हणालो.
त्यानं रेडिएटर उघडला नाही, पंखा बघितला नाही.
"आवाज येतो? करून दाखवा."

एकतीस वर्षं मी बेलापूर रोडवरच्या कंपनीत
कॉम्प्रेसरच्या खोलीत काढली.
कुठला व्हॉल्व्ह अडलाय ते मला तळपायांना कळायचं.
म्हणून छातीठोक सांगितलं,
"आवाज नाही. पंच्याण्णवची एट हंड्रेड आहे,
पण आवाज म्हणशील तर बिलकुल नाही."

तेव्हा कुमुद मागच्या सीटवरून उतरली,
पर्स छपरावर ठेवली,
आणि पदर सावरत, भर रस्त्यात,
"च्यूंईईईई" अशी ओरडली.
पंक्चर काढणारा पोरगा टबातून हात काढून बघत राहिला.

हसुराम हसला नाही.
"गार असताना की तापल्यावर?"
"सकाळी जास्त."
"आणि खाली? त्याच्या खाली काही?"
"खाली घर्रर्र. जात्यात खडा आल्यासारखं."
"कधीपासून?"
"संक्रांतीपासून सांगतेय मी यांना."
यानंतर तो माझ्याशी बोलेना.

बाटलीच्या झाकणाला भोकं पाडलेली.
चालू इंजिनात, फिरत्या पट्ट्यावर
त्यानं पाणी शिंपडलं, पूजेत शिंपडतात तेवढंच.
च्यूं थांबलं म्हणे.
"वाढलं असतं तर पट्टा सैल.
गप्प झालं, म्हणजे पुली वाकडी फिरतेय."
मी पट्ट्याकडे बघत होतो.
आधीही फिरताना दिसत होता,
आत्ताही.

मग त्यानं फूटभर लांब पेचकस घेतला,
टोक पंपाच्या अंगावर टेकवलं
आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडावर दाबली.

घर्रर्र.

अरे, ही तर ओळखीची.
रात्रपाळी, तीन नंबरचा कॉम्प्रेसर, बेअरिंग जायच्या आधीचे दोन दिवस.
मीच रजिस्टरात नोंद केली होती, लाल शाईनं.
डोक्याच्या आत, कवटीच्या भिंतींना घासत
ती आत्ता फिरत होती,
आणि पेचकस काढला की
नुसतं ऊन, नुसता हसुरामचा हलणारा ओठ.

इंजिन बंद. पट्टा उतरवला.
पुली दोन बोटांत धरून हलवली तर
पडायला आलेल्या दातासारखी डुलली.
पंपाच्या पोटाशी बारीक भोक,
त्यातून हिरवट ओघळ, वाळून खडू झालेला.
"इथून पाणी जातंय. थोडं थोडं. म्हणून तापते."

संध्याकाळपर्यंत नवा पंप बसला.
कागदावर त्यानं लिहिलं:
पंप, पट्टा, कूलंट, मजुरी.
शेवटची ओळ तोंडी सांगितली, हात पुसत,
हॉर्नचा रिले बदला म्हणावं त्याच सुरात:
"साहेब, एकदा कान दाखवून घ्या."

जुना पट्टा मी डिकीत टाकला.
कशाला, ते माहीत नाही.

परतताना कुमुद पुढे बसली.
महापेच्या सिग्नलला म्हणाली, "आता कशी शांत झाली, नाही?"
मी हो म्हणणार होतो.
माझ्या लेखी ती संक्रांतीपासूनच शांत होती.
शाळेच्या घंटेसारखं आणखी काय काय
असंच शांत होऊन बसलंय, कुणास ठाऊक.

"काय काय वाजतंय आत्ता?" मी विचारलं.
तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग काच खाली केली.
"इंडिकेटर. टिक, टिक.
कुकराची शिट्टी, त्या तिसऱ्या मजल्यावर.
आणि एक पक्षी आहे, थांब, टीव् टीव्
असं काहीतरी, नीट जमत नाही मला."
पुन्हा केलं तिनं. पुन्हा.

सिग्नल हिरवा झाला.
मागचे हॉर्न वाजवत असणार.
मी गाडी दुसऱ्या गियरमध्येच ठेवली.