वीतभर खाली

शाळू काढून झालेलं रान.
काठीच्या टोकाला पांढरी वाटी पालथी,
काठीपाशी मी, बुडबुडा गोलात आणत.
स्क्रीनवर अजून ‘फ्लोट’.
थांबा जरा, म्हटलं. अजून ठरलं नाही त्याचं.

बांधाच्या अल्याड हिंदुराव.
पल्याड जोतीराम, काल रात्री सेलमहून उतरलेला.
बत्तीस वर्षं तिकडं गलाईत. भट्टी, तेजाब,
भिंतीवर गावच्या देवाचा फोटो.
मोजणीची नोटीस मिळाली, तशी गाडी धरली.
दोघं भाऊ बोलत नाहीत.
पंच लिंबाखाली तंबाखू मळतायत.

जोतीरामची धाकटी, कावेरी,
मराठीला तमिळचा हेल,
माझ्या खांद्याशी येऊन विचारते,
मॅडम, याला कोण सांगतंय?
मी वर बोट केलं. वर नुसतं ऊन.
वीस-पंचवीस आहेत आत्ता आपल्या डोक्यावर,
वीस हजार किलोमीटर उंच, काही त्याच्याही वर.
मग पडत कसे नाहीत?

पडतात की.
पडण्यावाचून दुसरं कामच नाही त्यांना.
एका सेकंदात वीतभर, वर दोन-तीन बोटं.
पण त्याच सेकंदात आडवे जातात
इथनं विट्याच्या वेशीपर्यंत,
आणि तेवढ्यात पृथ्वीची गोलाईही
तेवढीच, नेमकी तेवढीच,
त्यांच्याखालून सरकलेली असते.
पडतात, आणि जमीन चुकते.
परत पडतात, परत चुकते.

इंजिन चालूच असतं का?
नाही गं. तिथं वारा नाही, अडवायला कोण नाही.
एकदा नीट ढकललं की झालं.
फक्त चंद्र थोडा ओढतो, सूर्य ओढतो,
उन्हालाही असतो एक दाब,
मुंगीनं फुंकर मारावी एवढा.
म्हणून कधीमधी वर्षातून एक बारीक फुस्स,
गुराख्यानं नुसतं ‘हं’ म्हणावं तशी,
की आले वाटेवर.

जोतीराम ऐकत होता, मला कळलं नव्हतं.
आणि म्हातारे झाले की? त्यानं विचारलं.
उरलंसुरलं इंधन जाळून
आणखी वर ढकलतात, रहदारीतनं बाजूला.
तिथंच फिरत राहतात.
म्हणजे खाली आणत नाहीत?
नाही, म्हटलं.
त्यानं मफलर सोडला, परत बांधला.
फाल्गुनातलं ऊन होतं, मफलरचं काही काम नव्हतं.

तेवढ्यात ‘फिक्स’ आलं.
खुणा घेतल्या, एक एक, बांधाच्या कडेनं.
दोन्ही टोकं बरोबर होती.
मधेच बांध फुगलेला, अल्याडला,
दीड हात.
हिंदुराव पहिल्यांदा बोलला,
माझ्याकडं बघून, पण मला नाही:
हितं बाभूळ होती.
आबा नांगर वळवून घ्यायचे.
जोतीराम म्हणाला, तिच्या शेंगा.
पुढं काही म्हणाला नाही.
बाभळीचं आता मूळही नाही तिथं,
वळण तेवढं राहिलंय.

मी फक्की टाकून घेतली, पंचनामा लिहिला,
दोघांच्या सह्या एका कागदावर, लांब लांब.
अपील कोण करणार, ते मला ठाऊक नाही.
काठीचे तुकडे पिशवीत भरताना पाहिलं,
कावेरी ढेकळांत बसलेली,
पांढऱ्या रेघेपासून वीत टाकून
पुढं तीन बोटं टेकवत.
एक सेकंद, ती म्हणाली.
तोवर ते विट्याच्या पार पुढं गेले होते.