घड्याळजीचे मोजे

सेतूबालला आमच्या गल्लीच्या टोकाशी
सार्डिनच्या कारखान्याची भिंत, चुन्याने पांढरी केलेली.
उन्हाळ्यात शनिवारी तिच्यावर सिनेमा लागे.
बसायला ज्याचं त्याने आणायचं.
आमच्याकडे एक बाक, त्याचा एक पाय आखूड;
कोणी दचकलं की आम्ही सगळेच हलायचो.

सिनेमा परक्या मुलखाचा. खाली आमच्या भाषेतली अक्षरं
मुंग्यांसारखी यायची आणि वाचेपर्यंत पळायची.
मी पाच वर्षांची. आईला सहीपुरतीही अक्षरं येत नव्हती.
तेव्हा वाचायचं काम झेफेरीनुचं,
दुसरीत दोनदा बसलेला माझा भाऊ.
कारखान्यातल्या बायांचे दोन बाक
त्याच्या तोंडाकडे कान लावून.

त्या रात्री होता बुडालेला घड्याळजी.
बारा वाजले की तळ्यातून वर यायचा.
दिसायची नुसती पावलं,
जिन्याच्या एकेका पायरीवर ओली,
आणि वरच्या मजल्यावर घड्याळं बंद पडत जायची.
माझ्या पोटात गोळा आला.
झेफेरीनुने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला;
हाताला भोपळ्याच्या खारवलेल्या बियांचा वास.

"काय म्हणतोय तो?"
"म्हणतोय, पाय गारठलेत. मोजे आहेत का?"
"मोजे?"
"तळ्यात हरवले त्याचे. म्हणून घरोघर विचारत फिरतोय."
मागून क्लोतिल्दमावशी कळवळली,
"अगं बाई, बिचारा!"

आणि भोंगा झाला.
बोटी लागल्या होत्या. मासळी काही कुणासाठी थांबत नाही.
बाया उठल्या. त्यांच्या डोक्यांच्या सावल्या
घड्याळजीच्या अंगावरून चालत गेल्या.
आईही गेली, लाकडी सपाता वाजवत,
त्याच भिंतीच्या पलीकडे.
अलीकडे तो जिना चढत होता,
पलीकडे ती सार्डिनची डोकी उडवत होती.

शेवट आम्ही पाहिला नाही.
बाक दोघांनी दोन टोकांना धरून घरी नेताना
झेफेरीनुने तो सांगितला:
त्या वरच्या मजल्यावरच्या बाईने विणून दिले.
राखाडी. लोकरीचे.

पहाटे आमच्या जिन्यावर पावलं वाजली.
थप.
थप.
ओली.
मी गोधडीतून उठले, माझे रविवारचे पांढरे मोजे घेतले,
दाराची फट उघडून बाहेर ठेवले
आणि पुन्हा गोधडीत, डोक्यापर्यंत.
बराच वेळ काही नाही. मग हसू ऐकू आलं.
आई पायरीवर बसली होती. सपाता बाजूला,
मिठाच्या पाण्याने पांढरीफटक सुरकुतलेली बोटं,
घोट्याला खवले चिकटलेले,
आणि दोन अंगठ्यांवर टोपीसारखे माझे दोन मोजे.
काय, कशाला, काही विचारलं नाही तिने.

गेल्या महिन्यात नातीने तो सिनेमा शोधून काढला.
तळहाताएवढ्या पडद्यावर आम्ही दोघी.
आता मला वाचता येतं.
जिना आला. अक्षरं आली: "तुझी वेळ भरली."
मोज्यांचं अक्षर नाही कुठे.
शेवटी गावकरी त्याला पवनचक्कीत कोंडून पेटवून देतात.
मी मागे नेऊन, थांबवून पाहिलं.
त्याच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट होते.
लिओनोर म्हणाली, "आजी, एवढंच? याला घाबरायचात?"

झेफेरीनुला फोन लावला, लियोंला.
चाळीस वर्षं तिथे भिंती रंगवल्या त्याने,
आता गुडघे रंगवू देत नाहीत.
"लबाडा," म्हटलं, "काय वाचत होतास तू?"
"मला कुठे वाचता येत होतं?"
"निदान बघत तरी होतास ना?"
"छे. एक हात तुझ्या डोळ्यांवर
आणि माझं डोकं बाकाखाली."
"मग मोजे?"
"तिथून आईचे पाय दिसत होते."

लाइन खरखरली. मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
मग त्याने हळूच विचारलं,
पन्नासच्या वर वर्षांनी,
"आणि शेवटी? काय झालं गं त्याचं?"

विणून दिले तिने, मी म्हटलं.
राखाडी. लोकरीचे.