पाच टक्के

पाच ग्रॅम मीठ. वर पाणी, शंभरच्या रेघेपर्यंत.
आष्ट्याच्या कॉलेजात एकतीस वर्षं
हे द्रावण मीच करतो.
प्रयोगशाळेच्या बाटलीतलं मीठ संपलं की
मगदूमांच्या दुकानातला पुडा.
पेशीला फरक कळत नाही,
ऑडिटवाल्यांना कळतो.

रीओची कुंडी नळाजवळ.
पान वरून हिरवं, खालून जांभळं,
दुमडून तिरकं फाडलं
की कडेला पापुद्रा सुटतो.
तो काचपट्टीवर, त्यावर एक थेंब,
आणि पोरांची रांग एकाच सूक्ष्मदर्शकापुढं
(बाकीचे दोन पूर उतरल्यापासून दुरुस्तीला).

आवटीबाई फळ्यावर लिहितात: रससंकोच.
बाहेर दाट, आत पातळ, म्हणून पाणी बाहेर.
पोरं वहीत बाण काढतात.

बाण बरोबर असतो.
पण मीठ आत जात नाही, हे बाणात दिसत नाही.
ते नुसतं दाराशी उभं राहतं
आणि आतलं पाणी
आपणहून उठतं, जातं.
भिंत तशीच. चौकट तशीच.
आत जांभळं, अंग चोरून, एका कोपऱ्यात.
शेजारच्या पेशीला पत्ता नाही,
तिचंही तेच चाललेलं.

आज दुधगावची रेहाना मुजावर
नळीला डोळा लावून हललीच नाही.
मागचे कुरकुरले.
म्हणाली, "आमच्या मळीत असंच झालंय मामा.
घोट्याएवढं पाणी साचून असतंय
अन् त्यातच ऊस तहानलेला.
वर पांढरं, पीठ सांडल्यागत."
बाई म्हणाल्या, जर्नलमध्ये लिही.
कुठल्या रकान्यात, ते तिला कळेना.

तास सुटल्यावर ती थांबली.
मी पट्टीच्या एका कडेला टीपकागद धरला,
दुसऱ्या कडेनं नळाचं पाणी सोडलं.
जांभळं सैलावलं,
सरकत सरकत
भिंतीला टेकलं.
"आणि उशीर झाला तर?"

सिंकवर सकाळची विसरलेली एक पट्टी होती.
तिलाही पाणी दिलं. वाट बघितली.
घंटा झाली.
रंग सगळा थेंबात उतरलेला,
पेशी रिकाम्या,
भिंती मात्र जागच्या जागी, शिस्तीत.
तिनं दप्तर उचललं. मी पट्ट्या धुतल्या,
बोटांच्या भेगा चरचरल्या.

संध्याकाळी सायकल घराकडं न वळवता
धाकट्या भावाच्या गल्लीत घातली.
अकरा वर्षं.
माणसाचं किती वेळ चालतं
ते कुठल्या जर्नलात नाही.
कडी वाजवली नाही.
नुसता दाराशी उभा राहिलो.

आत कुणीतरी उठलं.